मुरत गेलेला आवाज

रविवार, २२ जानेवारी १९८४. नळ पाच चाळीसला आला, सव्वासहाला गेला. थंडी फार, बंब दोनदा पेटवला. सांबारवड्या केल्या, चोवीस झाल्या. दुपारच्या गाडीने रविंद्र मुंबईला गेला, परवा तिथून जर्मनीला. निघताना ह्यांच्या मांडीवर हेडफोनचे खोके ठेवले. संध्याकाळी ह्यांनी पाऊण तास ऐकले. म्हणाले, टोचतो.

शामलाबाईंच्या डायरीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. एकुलता एक मुलगा तीन वर्षांनी आला आणि पंधरा दिवसांत परत गेला. रिकाम्या फलाटावर त्या किती वेळ उभ्या राहिल्या, ते त्या नोंदीत नाही. लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी डायरीचे तीन नियम घालून दिले होते. रोज लिहायचं. घडलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. आणि एकदा लिहिलेलं खोडायचं नाही. शाळा सुटली, लग्न झालं, इंग्रजी जाऊन डायरी मराठीत आली, पण नियम सुटले नाहीत. पलंगाखालच्या ट्रंकेत वर्षाची एक अशा चाळीसहून जास्त डायऱ्या रचलेल्या होत्या. मधुकरराव म्हणत, "आमच्याकडे चोरी झाली तर पोलिसांना पंचनाम्याची गरज नाही. फक्त चोराला त्याची वेळ आमच्या हिला सांगून जावं लागेल."

मधुकररावांचं सगळं आयुष्य कानावर गेलं होतं. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ते टेस्टिंगला होते. कुणाचा फोन खरखरला, मुका झाला, की तक्रार त्यांच्या टेबलावर यायची. ते कानाला यंत्र लावून ती तार ऐकायचे. डोळे मिटायचे, अर्धा मिनिट गप्प राहायचे, आणि सांगायचे, "सावनेर रोडला, दुसऱ्या नाल्यापाशी. झाडाची फांदी घासते आहे." लाइनमन गिरिधर सायकल काढून जायचा आणि तिथे फांदीच निघायची. त्यांच्या कामाचा एक मूळ नियम होता, तो ते नव्या पोरांना आधी शिकवायचे. दोष कुठे आहे कळत नसेल, तर जोडणी उलटी करून बघा. तार इकडची तिकडे करा. दोष तारेबरोबर सरकला तर तारेत आहे. जागच्या जागी राहिला तर यंत्रात आहे.

घरातही त्यांच्या कानाचंच राज्य होतं. फाटकाची कडी वाजली की कोण आलं ते आतूनच सांगायचे. कुकरची शिट्टी झाली की म्हणायचे, "शामल, शिट्टी आज अर्धा सूर खाली आहे गं, रबर बदल." आणि रबर खरंच चिरलेलं असायचं. घरात काही बिघडलं आणि मधुकररावांना ऐकून काही वेगळं वाटलं, तर बिघाड वस्तूत असणार, हे ठरलेलं होतं. त्यांच्या कानात काही असेल, हा विचार छत्तीस वर्षांच्या नोकरीत आणि चाळीस वर्षांच्या संसारात कुणालाच शिवला नव्हता.

हेडफोन आणण्यामागेही तेच होतं. रविंद्र तिकडे यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. बाबांच्या कानाला साजेशी एक तरी वस्तू त्यांना द्यावी, असं त्याच्या मनात होतं. सोबत टेपरेकॉर्डर होता आणि ओळखीच्यांकडच्या रेकॉर्डवरून भरून घेतलेल्या अकरा कॅसेटी होत्या. हेडफोन दिसायला अगदी साधा. काळी पट्टी, आणि दोन्ही कानांवर पिवळ्या स्पंजाच्या गोल गाद्या. दुकानदाराने रविंद्रला बजावून सांगितलं होतं, की पहिल्या दिवसाच्या आवाजावर जाऊ नका. शंभर तास वाजू द्या. मग तो उघडतो.

"टोचतो म्हणजे वाईट आहे का हो?" शामलाबाईंनी त्या पहिल्या संध्याकाळी विचारलं. पोराने एवढ्या हौसेने आणलेलं.

"वाईट नाही गं. नवा आहे. नवा जोडा नाही का चावत?" त्यांनी हेडफोन काढून पिवळ्या गाद्यांवरून अंगठा फिरवला. "डावीकडे तानपुरा आहे ना, त्याची तार काचेसारखी लागते. गाणारीचा 'स' सुईसारखा. मुरेल. तुझं लोणचं पहिल्या दिवशी कसं लागतं?"

"पहिल्या दिवशी कुणी खात नाही."

"तेच तर! रव्या म्हणतो शंभर तास. पण ते मोजणार कोण?" आणि ते मिश्कीलपणे शामलाबाईंच्या पेनाकडे बघत राहिले.

असं ते सुरू झालं. रोज संध्याकाळी साडेसहाला दिवा लावून झाला, की मधुकरराव खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसायचे आणि शामलाबाई शेजारी पाट घेऊन डायरी उघडायच्या. त्यांना काही ऐकू यायचं नाही. गाद्यांमधून झिरपणारी एक बारीक कुजबुज तेवढी. त्या नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायच्या. मधुकररावांना नोकरीभर पाळ्या होत्या. ते घरी आले की त्या स्वयंपाकघरात, त्या मोकळ्या झाल्या की ते झोपलेले. निवृत्तीनंतरही दिवस आपापल्या कामांतच जायचा. नुसतं शेजारी बसून रोज पाऊण तास त्यांच्याकडे बघावं, असं लग्नाला चाळीस वर्षं होऊन पहिल्यांदाच घडत होतं. ऐकून झालं की ते दोन-तीन वाक्यं सांगायचे, आणि त्या पानाच्या कडेला तास आणि कॅसेट घालून ती लिहून घ्यायच्या.

नवव्या तासाला लिहिलं आहे, 'अजून टोचतो, पण मधल्या सुरांना अंग आले.' एकविसाव्याला, 'तबला सुटा झाला. बोट आणि तळवा वेगळे कळतात.' मार्चच्या पहिल्या आठवड्यात, चौतिसाव्या तासाला, मधुकरराव खूश होते. "आज काच नाही गं. 'स' आता सुई नाही, दोरा आहे." शामलाबाईंनी जसंच्या तसं लिहिलं. मार्चच्या शेवटी बावन्नाव्या तासाला त्यांनी सांगितलं, की डावीकडचा तानपुरा जरा मागे जाऊन बसला आहे. "आणि ते बरोबरच आहे. तानपुऱ्याने मागेच बसावं. पुढे पुढे करतो तो काय तानपुरा?"

"माणसांचंही तसंच असतं," शामलाबाई म्हणाल्या.

"हे लिहू नकोस. हे घडलेलं नाही, हे वाटलेलं आहे."

दोघं हसली. ते हसणंही डायरीत नाही.

एप्रिल लागला आणि गिरिधर कूलर बसवायला आला. तो निवृत्त होऊन सावनेरजवळच्या आपल्या गावी राहायचा, पण दर उन्हाळ्यात साहेबांच्या खिडकीत कूलर चढवणं आणि वाळ्याच्या ताट्या भरणं हे काम त्याने दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. मधुकररावांना खुर्चीत बघून तो शिडीवरच थांबला.

"सायेब, कानाले ढोकळे लावून काय ऐकून राहिले जी?"

मधुकररावांनी एक गादी उचलली. "काय म्हणतोस गा?"

"मी म्हणलं, भूक लागली तर कानच खासाल!"

कूलर खिडकीत बसला तो खुर्चीच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर. पत्र्याचा जुना कूलर. सुरू झाला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. हेडफोनच्या स्पंजातून बाहेरचा आवाज आत यायचा. म्हणून साडेसहा वाजले की मधुकरराव कूलर बंद करायला लावायचे. नागपूरच्या एप्रिलमध्ये पाऊण तास कूलर बंद म्हणजे अंगाची लाही. ते घामाने निथळत ऐकायचे, त्या पदराने वारा घेत लिहायच्या. 'कूलर पाऊण तास बंद' अशी ओळ ओळीने बारा दिवस आहे.

तेराव्या दिवशी त्या बटणाकडे निघाल्या तर त्यांनी हात वर केला. "राहू दे चालू. आता अडचण होत नाही."

"खरंच?"

"अगं, मुरला म्हणजे हेच की. आतला आवाज भरला, बाहेरचा आपोआप दूर गेला."

शामलाबाईंना इतकं हायसं वाटलं, की त्या दिवशी त्यांनी नोंदीखाली एक रेघ ओढली. बुधवार, २५ एप्रिल, तास सदुसष्ट. 'कूलर चालू ठेवून ऐकले. अडचण नाही. आवाज मऊ.'

मेच्या शेवटच्या आठवड्यात लोणचं घातलं, भिवापूरच्या मिरचीचं. बरणीला दादरा बांधून झाला आणि त्याच संध्याकाळी नव्वद तास झाले. जूनमध्ये शंभर भरले, तेव्हा आमरसाचा शेवटचा बेत झाला. "आता हा आपला झाला," मधुकरराव म्हणाले. "टोचणं सगळं गेलं. पहिल्या दिवशीचा आवाज आणि आजचा, दोन वेगळी यंत्रं वाटतील." मग पाटावरच्या बायकोकडे वळून म्हणाले, "तू एकदा घाल की."

"नको. माझ्या केसांना तेल आहे. गाद्या खराब होतील."

"बरं, आता शंभर झाले. लिहिणं बंद करायचं का?"

शामलाबाईंच्या तोंडून पटकन निघालं, "काहून?" 'का?' विचारायचा माहेरचा शब्द. लग्नानंतर तो त्यांनी फारसा वापरला नव्हता. मधुकरराव त्यांच्याकडे थोडा वेळ बघत राहिले. "नाही, चालू ठेवू," म्हणाले.

पावसाळ्यात ते दोनदा दाराच्या चौकटीला आपटले. 'चक्कर. पित्त असावे. कोकम सरबत दिले,' अशी नोंद आहे. तासांच्या नोंदी मात्र बहरत गेल्या होत्या. पूर्वी दोन-तीन वाक्यं असायची, ती आता अर्धं पान झाली. ऑगस्टमधली एक तर शामलाबाईंना पाठ होती. तास एकशे एकतीस. 'आज डावीकडचा तानपुरा असा लागला की चारी तारा वेगळ्या मोजाव्यात. पहिल्या तारेनंतर जो क्षणभर थांबतो, तिथे खोली श्वास घेते असे वाटले.' लिहिताना त्या म्हणाल्या होत्या, "अहो, 'वाटले' आलं." ते म्हणाले होते, "येऊ दे एखाद वेळी."

सप्टेंबरच्या अकरा तारखेला मधुकरराव व्हरांड्यात पडले ते धड उठले नाहीत. चेहऱ्याची डावी बाजू ओढली गेली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथे निदान झालं, की डाव्या कानाच्या नसेवर गाठ आहे आणि ती वाढत मेंदूला टेकली आहे. रविंद्र धावत आला. तिथल्या डॉक्टरांनी खाटेशेजारी उभं राहून शामलाबाईंना विचारलं, "ऐकण्यात फरक पडला होता का ह्यांच्या? एका कानाने कमी येणं, आवाज बदलल्यासारखा वाटणं? वर्षभरात कधी?"

शामलाबाई मान ताठ करून म्हणाल्या, "मुळीच नाही. ह्यांच्यासारखा कान नागपुरात नव्हता. आत्ता ऑगस्टपर्यंत रोज पाऊण तास हेडफोनवर गाणं ऐकत होते. इतके बारीक फरक सांगायचे, की मी लिहून ठेवले आहेत."

डॉक्टर म्हणाले, "आश्चर्य आहे. चार-सहा महिने आधी समजलं असतं तर बरंच सोपं होतं." मधुकरराव छताकडे बघत पडून होते. त्यांचा हात पांघरुणावरून सरकत आला आणि त्याने शामलाबाईंचं मनगट धरलं. त्यांना वाटलं, ते घाबरले आहेत.

बुधवार, १९ डिसेंबर १९८४. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी हे गेले. रविंद्र जवळ होता. पुढच्या तीन दिवसांची पानं कोरी आहेत. चाळीसहून जास्त डायऱ्यांत तेवढीच.

पुढचा उन्हाळा आला. मेच्या सहा तारखेला, सोमवारी, रविंद्रचं पत्र आलं. त्याने लिहिलं होतं, 'आई, हेडफोनबद्दल बाबा रोज जे सांगायचे ते तू तासांप्रमाणे लिहून ठेवलं आहेस. ते सगळं मला उतरवून पाठव. माझ्याकडे त्यांचा आवाज कुठेच नाही. निदान त्यांचं ऐकणं तरी असू दे.'

शामलाबाईंनी दुपारीच चौऱ्याऐंशीची डायरी काढली आणि फुलस्केप कागद घेऊन उतरवायला बसल्या. पहिला तास, नववा, एकविसावा. चौतिसाव्यापाशी त्यांचं पेन थांबलं. 'सुई नाही, दोरा आहे.' हा दोरा कसा असेल? एवढे महिने त्या लिहीत बसल्या आणि एकदाही तो हेडफोन त्यांनी कानाला लावला नव्हता. कपाटातून त्यांनी तो काढला. केसांचं तेल सकाळीच धुतलं होतं. वेताच्या खुर्चीत बसून त्यांनी पहिल्या दिवसाची कॅसेट लावली, गाद्या कानांवर बसवल्या आणि बटण दाबलं.

काहीच नीट कळेना. डाव्या कानाशी कूलरची घरघर अशी भरली होती, की तिच्यातून गाणं दूरच्या लग्नातल्या बँडसारखं येत होतं. त्यांनी आवाज वाढवला. घरघर तशीच. शेवटी उठून कूलर बंद केला आणि पुन्हा बसल्या.

तेव्हा तानपुरा आला. डावीकडून, काचेसारखा. मागे नाही, पुढेच. मग गाणारीने सूर लावला आणि तिचा 'स' सुईसारखा कानात गेला. शामलाबाईंनी दचकून हेडफोन काढला.

तो टोचत होता. अगदी पहिल्या संध्याकाळी ते म्हणाले होते तसा, शब्दाला शब्द.

आधी त्यांना वाटलं, सात-आठ महिने बंद राहिला म्हणून कडक झाला असेल. पण मुरलेलं लोणचं पुन्हा कच्चं कसं होईल? मग वाटलं, आपल्या कानाला सवय नाही. त्यांनी पुन्हा लावला, पाऊण तास घड्याळ लावून ऐकलं. दुसरी कॅसेट, तिसरी. थोडी सवय झाली, पण सुईचा दोरा झाला नाही. तानपुरा जागचा हलला नाही. त्या उठल्या, कूलर मुद्दाम चालू केला आणि त्याच खुर्चीत हेडफोन लावून बसल्या. पुन्हा ती घरघर, हातभर अंतरावर, डाव्या कानात. मांडीवर डायरी उघडी होती. रेघ ओढलेली ओळ समोर होती. 'कूलर चालू ठेवून ऐकले. अडचण नाही.'

हेडफोन तसूभरही बदलला नव्हता.

टोचणं गेलं ते यंत्रातलं नाही. तानपुरा मागे सरकला तो यंत्रात नाही. जानेवारीपासून मधुकररावांचा डावा कान विझत होता, थोडा थोडा, रोज पाऊण तास. तो कसा विझला, हे वार, तारीख आणि तासासह, वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता शामलाबाईंनी लिहून ठेवलं होतं. शंभराव्या तासाला आमरस केला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी जे जे विचारलं, ते ते या वहीत होतं. आणि मान ताठ करून त्यांनी सांगितलं होतं, मुळीच नाही.

किती वेळ गेला कळलं नाही. फाटकाची कडी वाजली. कोण आलं हे आतून सांगणारं आता कुणी नव्हतं. शामलाबाईंनी दार उघडलं. गिरिधर होता. कूलर त्याने एप्रिलमध्येच चढवला होता; ताट्या बदलायला येईन म्हणून निरोप धाडला होता. खांद्यावर वाळ्याची जुडी होती. खुर्चीवरचा हेडफोन आणि उघडी डायरी त्याने बघितली, मग बाईंचा चेहरा बघितला आणि जुडी हळूच खाली ठेवली.

"बाई, काय झालं जी?"

"गिरिधर, साहेबांना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. मागच्या उन्हाळ्यातच. आणि मला कळलं नाही. मी शेजारी बसले होते रोज, मला कळलं नाही."

गिरिधर दाराच्या उंबऱ्यावरच बसला आणि जमिनीकडे बघू लागला. छत्तीस वर्षं तार ऐकणाऱ्या माणसाची बायको होत्या त्या. एवढी शांतता त्यांना कळली.

"तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"मले सायबानं आईची शपथ घातली होती जी."

"कधी?"

"जुलैत. कूलर उतरवाले आलो होतो, तुम्ही बजारात गेल्या होत्या. सायेब म्हणे, गिरिधर, एक टेस्टिंग करू. मले टेप चालू कराले लावला. मंग हेडफोन सरळ लावला, ऐकला. मंग उलटा लावला, डावीकडचा उजवीकडं. पुन्हा ऐकला." गिरिधरने डोळे पुसले. "दोन्ही खेपेले आवाज उजव्याच कानात. सायेब हासले. म्हणे, तार साबूत आहे गा. एक्स्चेंज बसलं."

शामलाबाईंनी खुर्चीवरचा हेडफोन उचलून घेतला.

"मी म्हणलं, सायेब, डाक्टरले दाखवा. तं म्हणे, अरे म्हातारपण आहे, बहिरा झाल्यानं कोण मरते? मी म्हणलं, मंग बाईले तरी सांगा. तं म्हणे, नाही. थे रोज संध्याकाळी माह्यापाशी बसून राहिली. चाळीस वर्षांत बसली नव्हती. कान गेला म्हणून सांगतलं, तं थे वही बंद करन."

"आणि नंतरचं? ऑगस्टपर्यंत रोज सांगत होते मला. अर्धं अर्धं पान."

"थे मले नाही माहीत जी. सायबाले सगळे आवाज याद राहत होते. वीस वर्षांमागची लाइन कशी वाजत होती, थे बी सांगत."

शामलाबाई म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं. मला नाही." आवाज चढला नव्हता, तरी गिरिधर चापट बसल्यासारखा मान खाली घालून राहिला. मग त्यांनी चहा केला. त्याने तो उंबऱ्यावरच बसून प्याला, ताट्या बदलल्या आणि नेहमीसारखी काही थट्टा न करता निघून गेला.

साडेसहा वाजले. शामलाबाईंनी दिवा लावला, कूलर बंद केला आणि वेताच्या खुर्चीत बसल्या. ऑगस्टमधली कॅसेट शोधून लावली, तास एकशे एकतीसची. डावीकडे तानपुरा होता. चारी तारा वेगळ्या मोजता येत होत्या. पहिल्या तारेनंतर क्षणभर थांबत होता, अगदी तिथेच, त्यांनी सांगितलं होतं तिथे. जो कान मेला होता त्या बाजूचं हे सगळं त्यांनी आठवून, जुळवून, रोज संध्याकाळी पाटावर बसलेल्या बायकोला सांगितलं होतं, ती उठून जाऊ नये म्हणून. शामलाबाई त्या थांबण्याची वाट बघत, पुन्हा पुन्हा टेप मागे नेत ऐकत राहिल्या. घाम गळ्यावरून ओघळत होता. नुसतं बसता आलं असतं हो, त्या मोठ्याने म्हणाल्या. वही नसती तरी बसले असते. एकदा विचारायचं होतं.

मग त्यांनी उरलेल्या नोंदी उतरवायला घेतल्या. जुलैनंतरच्या गाळाव्यात, का खाली काही लिहावं? जे ऐकलं म्हणून ते सांगत होते, ते घडलं नव्हतं. पण त्यांनी सांगितलं, हे तर घडलंच होतं. एकशे एक्केचाळिसाव्या तासापर्यंत शब्द न बदलता त्यांनी सगळं उतरवलं, कागदांची घडी घातली आणि पाकिटावर रविंद्रचा पत्ता लिहिला. गिरिधरने सांगितलेलं त्यात कुठेच नव्हतं. ती शपथ आता त्यांच्याकडे आली होती.

जेवण केलं नाही. नवी डायरी उघडून त्यांनी तारीख घातली आणि लिहिलं:

सोमवार, ६ मे १९८५. वाळ्याच्या ताट्या बदलल्या. संध्याकाळी कूलर पाऊण तास बंद ठेवला. टाकीत पाणी अर्धे उरले; सकाळी नळ आल्यावर भरणे.